सटवाजीचं वळण

टिण्‌. पितळी ताटात गळ पडला आणि घरात बसून राहिलेली दुपार दचकून उठली. चुलीपाशी राखेत रेघोट्या ओढणाऱ्या कडूनं मान वर केली. आधीची दोन लेकरं राहिली नाहीत म्हणून हिचं नाव कडू ठेवलं होतं. आता पाच वर्षांची झाली होती.

मनकर्णा डब्यातला एकेक गळ अंगठ्याच्या नखावर टेकवून बघत होती. टोक नखात अडलं तर धार आहे, घसरलं तर कानस मारायची. हे तिच्या नवऱ्यानं, सटवाजीनंच तिला शिकवलं होतं. त्याला जाऊन अकरा महिने झाले. रझाकारांच्या भयानं वऱ्हाडाकडं निघालेलं एक बिऱ्हाड त्यानं डोंग्यातून गंगापार नेलं. हद्दीपर्यंत पोचवून येतो म्हणाला होता. चार दिवसांनी डोंगा पलीकडच्या काठाला सापडला, नीट बांधलेला. त्या एका गाठीवर मनकर्णा जगत होती. दर पंधरवड्याला ती गळ काढायची, राखेनं गंज घासायची, करडीच्या तेलाचं बोट फिरवून परत ठेवायची. माणूस आल्या आल्या गंजका गळ त्याच्या हाती पडू नये.

दारात खाकरणं ऐकू आलं. चुलतसासरा मुंजाजी. तिनं पदर पुढं ओढला.

"सूनबाई, माजी गळांची दोरी पुरात गेली. एक गळ ऱ्हायला न्हाई. गंगाखेडच्या बाजारात तारबी मिळंना."

"मंग हे न्या की, मामा." तिनं चटकन ताट पुढं सरकवलं.

म्हातारा ताटाला शिवला नाही. तेव्हा तिला आपण काय बोललो ते उमगलं.

भोयांच्या त्या वस्तीत रीतच होती. वळण ज्याच्या हातचं, मासा त्याच्या नावाचा. दुसऱ्याचा गळ वापरायचा तर आधी तापवून सरळ करायचा, मग नव्यानं वाकवायचा. आणि जित्या माणसाचा गळ त्याच्यामागं कुणी सरळ करत नसे.

मुंजाजी उंबऱ्यावर टेकला. एक गळ बोटावर तोलत म्हणाला, "बघ, समदे डावीकडं कललेले. लगनात फेटाबी असाच कलला व्हता त्याचा. म्या म्हनलं, लेका, नीट बांध. तर मला म्हनतो, काका, मासा मला ह्याच्यावरूनच वळखतो!" तो हसला आणि हसताहसताच थांबला. "तुज्यावर जोर न्हाई, बाई. पर चार घरं माज्या दोरीवर जेवत्यात. ही कडूबी."

"मंग तुमीच करा सरळ."

"म्या केले तर वस्ती म्हनल, चुलत्यानंच पोराला मारलं."

"आन् म्या केले तर?"

मुंजाजीनं बोटावरचा गळ अलगद परत ताटात ठेवला.

मनकर्णानं फुंकणी उचलली. पहिला गळ लाल झाला. दगडावर हातोडीचे दोन ठोके बसले नाहीत तोवर सरळ. लोखंड इतक्या लवकर ऐकेल असं तिला वाटलं नव्हतं. खिळ्याभोवती वाकवून तिनं तो घाईनं पाण्यात टाकला, चिमट्यानं दाबून बघितला, तर कटकन मोडला.

"तेलात, पोरी, तेलात इझव."

मग ती तेलात विझवू लागली. चर्र आवाज होई, धूर निघे, आणि जळक्या करडीचा वास घरभर पसरे. सटवाजीच्या हातांना यायचा तोच वास. तिनं एकदा तोंड वळवून पदरानं डोळे पुसले. धुरानं, असं कुणालाही वाटलं असतं. दाराचं ऊन सरकत रांजणाला टेकलं तोवर ताटातले गळ सगळे सारखे झाले होते. कुठल्याही माणसाचे असावेत तसे.

शेवटचा मात्र तिनं विस्तवात घातला नाही. तेल लावून डब्यात टाकला.

"एवढा ऱ्हाऊ द्या, मामा."

"ऱ्हाऊ दे की. एका गळावाचून माजी दोरी बुडत न्हाई." मुंजाजी गळ धोतराच्या सोग्यात बांधून, तिच्याकडं न बघता गंगेच्या वाटेला लागला.

चुलीत राख बसत होती. कडू हळूच आली, डबा उघडून तिनं तो एकटा गळ बाहेर काढला, आईनं टेकवला होता तसा आपल्या इवल्या नखावर टेकवून बघितला.

"माय," ती म्हणाली, "बा आल्यावर इच्यारल, माजे गळ कुनी सरळ केले? मंग म्या काय सांगू?"