शनिवारची मार्ली

मार्ली पहिल्यांदा समोर आली तेव्हा अनीसाला तिचा चेहरा धड दिसलाच नाही. पडद्याच्या तळाला एक कपाळ, त्याखाली दोन डोळे, आणि वर सगळं होस्टेलचं पांढरं छत नि गरगर फिरणारा पंखा. अनीसा दोह्यात, ऑफिसच्या काचेच्या मीटिंग रूममध्ये, मार्ली ऑस्ट्रेलियात, पर्थला. अनीसाने आपलं नाव सांगितलं, काम सांगितलं, शाळेत कोणता विषय आवडतो ते विचारलं. पलीकडून इंग्रजीत उत्तर आलं, "माहीत नाही, मिस." आणि मग पुन्हा नुसता पंखा.

अनीसा परकार मूळची दाभोळच्या खाडीकाठची. लग्न होऊन कतारला आली ती इथलीच होऊन गेली. नवरा रियाज एका गॅस कंपनीत, मुलगी सुमैया इंग्रजी शाळेत, आणि ती स्वतः सिव्हिल इंजिनिअर. एका ऑस्ट्रेलियन कंपनीत स्टेडियमभोवतालच्या पाण्याच्या लाइनी आखायचं काम करायची. कंपनीचं मुख्य ऑफिस पर्थला. तिकडे कंपनी खाणींची कामं करायची, आणि ज्या जमिनींवर करायची तिथले मूळ रहिवासी म्हणजे अबोरिजिनल लोक. त्यांच्या शाळकरी मुलांसाठी कंपनीने एक मेंटरिंगचा कार्यक्रम स्पॉन्सर केला होता. शिक्षणासाठी लांबच्या वस्त्यांमधून शहरात येऊन होस्टेलात राहिलेली मुलं, आणि आठवड्यातून एकदा त्यांच्याशी व्हिडिओवर बोलणारं कंपनीतलं कुणी मोठं माणूस, अशी जोडी लावायची.

कतारमधला फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ येत होता तशी दोह्याच्या ऑफिसलाही त्यात घ्यायची टूम निघाली. ऑफिसच्या जाहिराती नि कार्यक्रम सांभाळणारी नमिता, पुण्याची, अनीसापेक्षा बरीच लहान. तिने अनीसाला कँटीनमध्ये गाठलं.

"अनीसाताई, तुम्ही करा ना. साइटवर चार देशांची माणसं तुमचं ऐकतात. एक पोरगी काय अवघड आहे?"

अवघडच निघाली. दर शनिवारी सकाळी अनीसा पूल, धरणं, बोगदे असं काय काय दाखवायची आणि मार्ली "हं" म्हणायची. पर्थचं घड्याळ पुढे असल्यामुळे तिकडे दुपार कलती झालेली असायची. मार्ली दमलेली, कंटाळलेली. होस्टेलची बाई मधूनच डोकावून जायची. दोन महिने असेच गेले. अनीसाने रियाजला सांगूनही टाकलं, "मी काही त्या पोरीला जमत नाही. नमिताला सांगते, दुसरं कुणी बघ."

पुढच्या शनिवारी ते सांगायच्या तयारीनेच ती बसली होती. तेवढ्यात मार्लीने आपणहून पहिला प्रश्न विचारला.

"तिकडे समुद्र आहे?"

"आहे ना. या इमारतीच्या मागेच."

"किती लांब जातो?"

अनीसाला आधी कळेना. मग एकदम उमगलं, आणि तिला हसू आलं. असा प्रश्न समुद्राकाठी जन्मलेलं माणूसच विचारतं.

"इथला कुठे जातो! कॉर्निशवरचा, शहराच्या किनारी रस्त्याकडेचा, तर जागचा हलत नाही. पण माझ्या गावच्या खाडीला ओहोटी लागली ना, की होड्या चिखलात कुशीवर पडतात. आम्ही पोरी त्या चिखलात उतरून कालवं काढायचो. पायाला कापायचं, घरी मार बसायचा."

मार्लीने फोन उचलून नीट समोर धरला. पहिल्यांदा तिचा सगळा चेहरा दिसला. रुंद, सावळा, गालावर मुरमाचे दोन डाग, आणि चेहराभर हसू.

"आमच्याकडे घराच्या उंचीएवढं पाणी उतरतं, मिस. सगळं उघडं पडतं. चालत चालत जायचं, आणि पाणी फिरलं की पळत सुटायचं."

तिचं गाव ब्रूम नावाच्या शहराच्या उत्तरेला, लाल माती जिथे समुद्राला मिळते तिथे. आजी, मावश्या, मावसभावंडं, कुत्री. पर्थपासून विमानाने जावं लागे इतकं दूर. तिथला चिखल, तिथली चिंबोरी, तिवरांच्या मुळांतून फसत फसत चालणं, हे सगळं ती सांगत सुटली. अनीसाला मधे बोलायला फुरसत नव्हती. वेळ संपली तेव्हा मार्ली म्हणाली, "बाय, आंटी."

अनीसाला वाटलं, हिने हिंदुस्थानी मैत्रिणींकडून उचललं असेल. पण नंतर कळलं, त्यांच्यातही मान द्यायचा तर वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात.

त्या दिवसापासून शनिवार बदलला. अनीसा घरून निघताना गुणगुणायला लागली. सुमैयाच्या ते लक्षात आलं. ती मार्लीहून वर्षाने लहान. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. आईच्या गावाबद्दल तिची दोन मतं होती: नेट येत नाही, आणि डास फार. "यू टॉक टू हर मोअर दॅन मी," ती एकदा म्हणाली. अनीसाने विषय बदलला, पण ते तिला लागलं. खरं होतं ते. चिखलातून चालण्याच्या गोष्टी घरात ऐकणारं कुणी नव्हतं.

थंडी पडल्यावर एका शनिवारी तिने रियाजला गाडी काढायला लावली आणि तिघं दोह्याच्या उत्तरेला, समैस्माला गेली. तिथे किनाऱ्याला तिवरांचा पट्टा आहे. पाणी उतरलेलं होतं. अनीसाने चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि मोबाइलवरून मार्लीला फोन लावला.

"बघ. आहेत आमच्याकडेसुद्धा."

मार्लीने निरखून पाहिलं. "आंटी, ही तर बुटकी आहेत! खायला देत नाहीत का त्यांना?"

सुमैया खळखळून हसली. तिने आईच्या हातातून फोन घेतला आणि दोघी पोरी कितीतरी वेळ काहीबाही बोलत राहिल्या. फोन परत आला तेव्हा मार्ली गंभीर झाली होती.

"आंटी, तुला घरी जायला परवानगी आहे?"

"परवानगी? कुणाची? कधीही जाऊ शकते मी."

"मग जात का नाहीस?"

अनीसा मनातल्या मनात कारणं मोजू लागली. आधी करोनाने विमानं बंद होती हे खरं. पण त्याआधी? आणि आता? गावी अम्मी एकटी होती. दर शुक्रवारी फोनवर अनीसा सांगायची, वर्ल्ड कपचं काम आहे, ते उरकलं की येते. अम्मी म्हणायची, "तुजा तो कप कदी भरायचा गो? भरला की उचल नि ये." दोघी हसायच्या आणि फोन ठेवायच्या.

"काम असतं," ती मार्लीला म्हणाली. मार्लीने मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं.

डिसेंबर उजाडला. स्टेडियमचं काम संपत आलं होतं. कंपनीने फेब्रुवारीत मोठा कार्यक्रम ठरवला: पर्थचे साहेब येणार, कतारी पाहुणे येणार, आणि पडद्यावर मेंटरिंगची फिल्म दाखवणार. नमिताने अनीसा-मार्लीची जोडी निवडली. मार्लीने कॅमेऱ्यात बघून म्हणायचं वाक्यही तिने पाठवलं: या मेंटरिंगमुळे मी इंजिनिअर व्हायचं स्वप्न पाहते.

अनीसाने मार्लीला वाक्य वाचून दाखवलं.

"पण मला नाही व्हायचं इंजिनिअर. मला सी रेंजर व्हायचंय, मावशीसारखं." हे रेंजर म्हणजे किनाऱ्याची, कासवांची, तिवरांची राखण करणारे तिथलेच लोक, पगारी. "आणि आंटी, मी ख्रिसमसला घरी गेले की परत येणार नाही. आजीची तब्येत बरी नाही. आता ती मला ओळखते. पुढच्या वर्षी ओळखेल की नाही, माहीत नाही."

अनीसाने नमिताला सांगितलं तेव्हा नमिता डोकं धरून बसली. वाईट नव्हती ती. तिच्यावरही वरून जोर होता.

"अनीसाताई, तिला समजवा ना. निदान कार्यक्रम होईपर्यंत. आणि शाळा सोडणं तिच्याही भल्याचं नाही, हो ना?"

तेही खोटं नव्हतं. म्हणून पुढच्या शनिवारी अनीसाने समजावलं. शिक्षण पुरं कर, आजीलाही तेच आवडेल, एवढं वर्ष काढ. बोलता बोलता तिचं तिलाच कळलं, की आपला आवाज मीटिंगमधल्यासारखा झालाय.

मार्लीने विचारलं, "हे तू बोलतेस की ते?"

मार्लीच्या मागे पंखा फिरत होता.

"दोघं मिळून," अनीसा म्हणाली.

"मग तू एकटी बोल."

अनीसाने काचेपलीकडे पाहिलं. सुट्टीचं ऑफिस रिकामं होतं. ती हळू बोलू लागली. "मी एकटी म्हणाले असते, जा. आजीजवळ बस. पण शिकणं सोडू नकोस. घरी राहून रेंजरचं शिकता येतं का, हे आपण दोघी मिळून शोधू. मला तू इथे राहायला हवी आहेस, कारण शनिवारी मला बोलायला कुणीतरी मिळतं. ते काही तुला थांबवायचं कारण नाही."

मार्लीने बाहीने नाक पुसलं. "तू पण जा की, आंटी," ती म्हणाली.

त्या आठवड्यात अनीसाने होस्टेलच्या बाईशी बोलून सगळं शोधून काढलं. ब्रूमला रेंजरचं प्रशिक्षण होतं. शाळेचे उरलेले विषय घरून करता येत होते. फक्त आठवड्यातून एकदा कुणीतरी पाठीशी बसून अभ्यास घ्यायला हवा होता. ते तर ती करतच होती! मोठ्या उमेदीने तिने पर्थच्या साहेबांशी मीटिंग मागून घेतली. म्हणाली, मुलगी घरी गेली म्हणून मेंटरिंग का थांबावं? व्हिडिओच तर आहे, इथून काय नि तिथून काय.

साहेब सज्जनपणे बोलले. फार कौतुक वाटलं, म्हणाले. पण कंपनीचा करार होस्टेलशी आहे. जी मुलं होस्टेलात, त्यांच्यापुरताच कार्यक्रम. मुलं वयाने लहान असल्यामुळे कार्यक्रमाबाहेर त्यांच्याशी परस्पर बोलायचं नाही, हा नियमही सर्वांच्या भल्याचा. नियम बरोबर होता. सुमैयाशी कुणी परक्याने परस्पर बोललेलं अनीसालाही चाललं नसतं. तिला वाद घालायला जागाच मिळेना.

शेवटच्या शनिवारी मार्लीची बॅग मागे पलंगावर भरलेली दिसत होती. दोघींनी अभ्यासाचं सगळं पुन्हा एकदा नीट ठरवून घेतलं. होस्टेलच्या बाईने आठवड्याचा अभ्यास घ्यायला ब्रूमच्या एका शिक्षिकेला सांगून ठेवलं होतं. बोलायचं संपलं तरी कुणी फोन बंद करेना.

"आंटी, घरी गेले की मला तुला चिखल दाखवायचा होता," मार्ली म्हणाली.

"माहितेय," अनीसा म्हणाली. "जा आता. विमान चुकेल."

पडदा काळा झाला तरी ती तशीच बसून राहिली. साफसफाईवाला आत येऊन "मॅडम, खलास?" म्हणाला, तेव्हा उठली.

फेब्रुवारीत कार्यक्रम झाला. दुसऱ्याच एका जोडीची फिल्म दाखवली, टाळ्या पडल्या. फिल्ममधला मुलगा गोड होता, आणि त्याला खरंच इंजिनिअर व्हायचं असावं असं वाटलं. नमिता शेजारी येऊन बसली. "तुम्हाला नवीन मुलगी देऊ, अनीसाताई?" तिने विचारलं. अनीसाने मान हलवली. "आत्ता नको. मला रजा हवी आहे, ईदला." रजा मिळत नव्हती, वर्ल्ड कपपर्यंत सगळ्यांच्या रजा बंद होत्या. अनीसा मागत राहिली. शेवटी दोह्याचे साहेब वैतागून हो म्हणाले.

मे महिन्यात तिघं गावी पोचली. अम्मी दारातच उभी होती. अनीसाच्या मनात होती त्यापेक्षा कितीतरी लहानखुरी झालेली. तिने लेकीच्या गालांवरून हात फिरवला, आणि नातीला मिठीत घेतलं ते सोडेचना. सुमैया आधी अवघडली, मग तिनेच नानीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अनीसा एकटीच खाडीवर गेली. ओहोटी पूर्ण लागली होती. होड्या कुशीवर पडल्या होत्या, तिवरांची मुळं उघडी झाली होती, आणि पलीकडच्या काठापर्यंत चिखल चमकत होता. इतकी वर्षं हेच तर हवं होतं. ती चिखलात उतरली, घोट्यापर्यंत आत गेली, आणि तिला भरून आलं.

हात आपसूक ओढणीच्या टोकाला बांधलेल्या मोबाइलकडे गेला. तिने तो काढला, समोर धरला, खाडी नीट दिसेल असा वळवला. आणि मग तिच्या लक्षात आलं, की दाखवायचं जिला, तिला फोन लावता येत नाही. त्या लाल मातीच्या किनाऱ्यावर आत्ता रात्र असेल. मार्ली घरी असेल, आजीजवळ असेल. अभ्यास करते की नाही, कोण जाणे. करत असेल.

काठावरून सुमैयाची हाक आली, "मॉम! नानी विचारतेय, चहा इकडेच आणू का?"

"आण," अनीसा म्हणाली. तिने मोबाइल पुन्हा ओढणीला बांधला, पण पाय काढून वर आली नाही. पाणी फिरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.