गुणवंतरावांच्या अंगणात

नूतनची पीएचडी टिकते की गुंडाळावी लागते, हे सोमवारी ठरणार होतं. प्रगती समितीनं मुदतवाढ दिली तर ठीक, नाही तर गाठोडं बांधून माजरीला, खाणकामगार बापाच्या क्वार्टरमध्ये. पण पोरगी निवांत! सावली तालुक्यातल्या एका गावातून मोहफुलं वेचणाऱ्या एकशे बारा बायांचे फॉर्म भरून आणले होते ना.

बुधवारी उत्तरं मोजायला बसली. 'मोह विकताना काही अडचण येते का?' एकशे बारा वेळा 'नाही'. तिनं गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून मोजला. अहो, एवढं एकमत नवराबायकोत चहातल्या साखरेवर तरी होतं का?

गुरुवारी ती तडक गावात, फॉर्म भरलेल्या ठमाबाईच्या दारात. म्हातारी फटकळ, पण मनानं साफ.

"बाई, तुमी मले खोटं काऊन सांगितलं?"

"मंग काय सांगू? आमचा मोह इकत घेते गुणवंतराव. त्याच्याच अंगणात, त्याच्याच खुर्चीवर बसून तू इचारतस, काही अडचण हाय का म्हून. अन् तो पानाचा डबा घेऊन बाजूले बसलेला!"

नूतननं कपाळावर हात मारला. सावली होती, पंखा होता, गुणवंतराव प्रेमानं चहा पाजत होते, म्हणून तिनं तिथंच बस्तान मांडलं होतं. दोन वर्षं संशोधनपद्धती शिकली, आणि अक्कल अशी गहाण!

"उद्या पहाटं मोहाखाली ये," ठमाबाई म्हणाली. "हात चालते, तं तोंडबी चालते."

तीन दिवस नूतन टोपली घेऊन वेचत राहिली. कंबर मोडली, पण बाया बोलल्या. काटा कसा मारतात, फुलं ओली म्हणून वजन कसं कापतात, सगळं सांगितलं. अकरा जणी झाल्या, आणि सोमवार उजाडला.

जुने फॉर्म दाखवले असते तर कुणाला कळणार होतं? मोह तिलाही झाला, खोटं कशाला बोला. तिनं मार्गदर्शक राजदीप सरांना फोन लावला. "जे झालं ते सांग," ते म्हणाले, "मी बाजूला बसतो."

समितीपुढं तिनं सगळं सांगितलं. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे अकराच मुलाखती? आणि ते एकशे बारा फॉर्म फेकले?"

"नाही सर, ठेवलेत," नूतन म्हणाली. "ते गुणवंतरावांचं मत आहे. एका माणसाचं, एकशे बारा वेळा लिहिलेलं."

अध्यक्ष खो खो हसले आणि हसता हसताच मुदतवाढीच्या कागदावर सही केली. "मग इथं काय करताय? उरलेल्या एकशे एक बायांना कोण भेटणार?"