खळ, राख आणि बांगड्यांच्या काचा

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे, आणि स्वभावाने भित्री. पिंपरीला नव्याने उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात यंत्रं घेऊन आलेल्या खोक्याचं मी झाकण होते. खोकं फुटलं त्या दिवसापासून मला सरपण होण्याची धास्ती. तिथले फिटर ज्योतीराम यांनी भांड्यांची मांडणी करायला मला चिंचवडच्या आपल्या खोलीत आणलं, तेव्हा वाटलं, सुटले बाई एकदाची.

ज्योतीरामांच्या पत्नी मंजुळाबाई. त्यांची तान्ही लेक वर्षापूर्वी तापाने गेली होती. तेव्हापासून त्यांचे हात सारखे थरथरत. भाकरी तव्यावर पडण्याआधीच मोडे. थोरले दीर उद्धवराव यांनी बार्शीहून कळवलं होतं, हिच्यानं घरकाम होत नाही, दिवाळी झाली की येतो आणि हिला माहेरी पोचवतो. अशी पोचवलेली बाई परत येतेच असं नाही, हे मंजुळाबाईंना पक्कं ठाऊक होतं.

एका दुपारी त्या माझ्यावर कागद चिकटवायला बसल्या. हात थरथरला आणि खळीचं भांडं कलंडलं. खळ पुसता पुसता त्यांची बोटं सारवताना फिरतात तशी माझ्यावर फिरू लागली. मग हाताला येईल ते त्यांनी त्यात दडपलं. चुलीतली राख, हळद, चिंध्या, फुटक्या बांगड्यांच्या काचा. ना फूल, ना पान, ना देव. मला धडकीच भरली. ही बाई माझं करतेय तरी काय? तासाभराने त्या उठल्या, तेव्हा हात शांत होते.

मग रोज दुपारी तेच. काल लावलेलं खरवडायचं, वर पुन्हा खळ. मांडणी राहिलीच.

दिवाळी चार दिवसांवर आली आणि चाळीच्या मालकीण शालनबाईंनी मला पाहिलं. हळद, राख, काचा! त्या कुऱ्हाडच घेऊन आल्या.

"ज्योतीराम, ही करणी हाय. माझ्या चाळीत न्हाई चालायची. बंबात घाल आत्ताच."

सारी चाळ गोळा झाली. मी मंजुळाबाईंकडे डोळे लावले. त्या मला पोटाशी धरतील, अशी माझी खात्री होती.

"जाळा की, मावशी," त्या म्हणाल्या. "पर आदी मला दुसरी फळी द्या."

माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं.

"अगं, पण हे हाय तरी काय?"

"मला न्हाई ठाऊक. करत बसलं की हात थाऱ्यावर ऱ्हातो. झाल्यावर मला त्याचं काम न्हाई."

शालनबाई विचारात पडल्या. करणी करणारी बाई आपली वस्तू अशी जाळू देईल का? त्यांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवली.

"हात थाऱ्यावर ऱ्हातो म्हणतीस, तर भाकरी थापून दाव."

मंजुळाबाईंनी पीठ मळलं. भाकरी कडेला जराशी चिरली, पण तव्यावर अख्खी पडली.

"थोरल्याला कार्ड टाक, ज्योतीराम," शालनबाई म्हणाल्या. "पोरीला न्यायला येऊ नको म्हणावं."

दुसऱ्या दिवशी नवी फळी आली आणि मी कोपऱ्यात गेले. हळद उडाली, काचा गळाल्या, माझ्याकडे कुणी बघत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरात कुणी असं काहीबाही फासत, चिकटवत बसलं असेल, तर हे कशाचं चित्र म्हणून विचारू नका. त्यांच्या हाताशी दुसरी फळी ठेवा.