अंगठ्याची जागा

"अंगठा हलव. आणखी वर. आता दाब," धाकटा भाऊ म्हणाला.

ताईने डाव्या हाताने बास गिटारची मान कशीबशी पकडली. मानेच्या पाठीवर त्याने निळा कागद गुंडाळला होता. दातांच्या कवळ्या बनवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कवळी कुठे टोचते ते माणसाला धड सांगता येत नाही, पण हा कागद चावायला दिला की निळा डाग बरोबर चुगली करतो. बोटांनाही तोच न्याय, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

"मी काय कवळी आहे?" ताई म्हणाली. आजारपणानंतर तिचे शब्द जरा घसरत, खवचटपणा मात्र शाबूत होता.

दोन वर्षांपूर्वी हॉटेलातल्या बँडमध्ये वाजवता वाजवताच तिला पक्षाघाताचा झटका आला होता. ती कोसळली, तिच्यासोबत गिटारही, आणि खुंट्यांच्या खाली गिटारच्या मानेला चीर गेली. ताई पुन्हा चालायला लागली, बोलायला लागली. पण गिटारच्या पेटीला तिने कुणाला हात लावू दिला नाही. गेल्या महिन्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "या बोटांना त्यांच्या आवडीचं काम द्या." त्याच संध्याकाळी ताईने पेटी आपणहून भावाकडे सरकवली.

मग घरातलं जेवणाचं टेबल या कामात अडकलं. चार स्क्रू काढून त्याने मान सुटी केली, इंजेक्शनच्या सुईने चिरेत सरस भरला आणि शिकंज्यांत आवळून दोन दिवस तशीच ठेवली. त्याची बायको ते दोन दिवस ताट मांडीवर घेऊन जेवली. चीर सांधली गेली. खरी अडचण पुढेच होती. मान जाड होती आणि ताईचा पंजा आता पुरता मिटत नव्हता. मागून लाकूड उतरवायला हवं होतं, पण आत ताण धरणारी लोखंडी सळई होती. चुकून ती उघडी पडली, तर मान कायमची कामातून गेली असती.

त्याने कागद सोडवला. डाग नेमके त्याला नको तिथेच उमटले होते. त्या जागेवर सदतीस वर्षं ताईचा अंगठा फिरला होता. पॉलिश झिजून लाकूड उघडं पडलं होतं, मधासारखं पिवळं, गुळगुळीत. आईवडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, ती एकोणीसची. त्याची शाळा, कवळ्यांचा कोर्स, सगळं तिच्या वाजवण्याच्या कमाईतून, म्हणजे या जागेतूनच आलं होतं.

"ही जागा जाईल, ताई."

"मग?"

"तुझी खूण आहे ती. तुझ्यामुळे मी... कधी बोललो नाही मी, पण..."

"भरून आलं का तुला? आधी घास, मग रड." ती थांबली, शब्द नीट जुळवले. "खूण तुला हवीय. मला वाजवायचंय."

त्याने घासायला घेतलं. पॉलिशपेपर लाकडाच्या रेषांवरून पुढे-मागे चालवायचा, दातांची जाडी मोजायच्या चिमट्याने माप घ्यायचं, पुन्हा कागद गुंडाळून मान ताईच्या हातात द्यायची. पिवळी जागा पहिल्या दिवशीच भुकटी होऊन वर्तमानपत्रावर पडली. तो क्षणभर त्या भुकटीकडे बघत राहिला, मग वर्तमानपत्र झटकून आला. चौथ्या खेपेला निळा रंग अख्ख्या पंजाखाली सारखा पसरला. कुठेच वेगळा गडद डाग नाही. हाताला चिकटेल म्हणून त्याने पॉलिश टाळलं. तेलाचे तीन पातळ हात दिले आणि प्रत्येक हात सुती कापडाने चोळून जिरवला.

शनिवारी सकाळी त्याने मान परत बसवली, तारा चढवल्या आणि गिटार स्पीकरला जोडली. ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली. पहिला सूर दबला, दुसरा घरघरला. तिसरा उमटला, आणि फळीवरची पातेली बारीक थरथरली. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आली. तो काहीतरी बोलणार, एवढ्यात ताईने भुवया आवळल्या.

"करंगळी मागे राहतेय," ती स्वतःशीच पुटपुटली. मग वर बघून म्हणाली, "तुम्ही दोघं काय बघताय? जा, कामाला लागा. कुणी समोर असलं की मला रियाज जमत नाही. माहितेय ना?"

त्याला माहीत होतं. लहानपणी तो दाराबाहेर बसूनच ऐकायचा.

"जातो," तो म्हणाला आणि त्याने बाहेरून दार ओढून घेतलं.

पायरीवर बसून तो बुटांच्या नाड्या बांधू लागला. आतून तेच दोन सूर येत होते, चुकत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होते. त्या दिवशी नाड्या बांधायला त्याला बराच वेळ लागला.