पहिल्या ओळीतला आसाराम

बेचाळीस साली टेलिफोनच्या तारा तोडताना सूर्यभान सापडला. पोलिसांनी त्याचे तीन दात पाडले, पण खरं नाव काही त्यांना काढता आलं नाही. पुढारी आप्पासाहेबांचा हुकूमच होता तसा: नाव सांगायचं नाही, नाहीतर घरच्यांना झोडपून काढतील. त्यानं 'आसाराम' म्हणून ठोकून दिलं आणि विसापूरच्या तुरुंगात आसाराम म्हणूनच दीड वर्ष काढलं. अक्षरं तो तिथंच शिकला.

तीस वर्षांनी, बहात्तरच्या दुष्काळात, तो सरकारी कामावर खडी फोडत होता. पारनेरला स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचा दगडी स्तंभ बसणार होता. सूर्यभानला दुसरं काही नको होतं. त्या दगडावर आईबापानं ठेवलेलं नाव पाहिजे होतं, बस्स.

कचेरीतला कारकून म्हणाला, "दप्तरात सूर्यभान नाहीच. आसाराम आहे. तूच तो, असं आप्पासाहेबांकडून लिहून आण."

आप्पासाहेब पान लावत बसले होते. बेचाळीसवर त्यांनी कादंबरी लिहिली होती. शाळाशाळांतून वाचली जायची. तिच्यात आसाराम गोळी लागून मरतो.

"सूर्यभाना, अरे तुला मी अमर केला."

"मी जित्ता हाय की, आप्पा."

"तीच तर पंचाईत. पोरं रडतात रे ते पान वाचून. स्तंभावर पहिल्या ओळीत हुतात्मा आसाराम कोरलाय. आता उद्घाटनाला येणाऱ्या मंत्र्यांना काय सांगू, तो खडी फोडतोय म्हणून?"

"व्हय. तेवढंच सांगा."

"लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"तुमी म्हनला हुता, नाव सांगू नको. मार खाल्ला, न्हाई सांगितलं. आता तुमी तरी सांगा."

आप्पासाहेबांनी विडा गालात कोंबला. तोंड भरलं की बोलावं लागत नाही, ही मोठी सोय.

स्तंभ उभा करायला माणसं कमी पडली, म्हणून मुकादमानं खडीवरचे चौघे उचलले. त्यात सूर्यभान होता. दोर लावून दगड खड्ड्यात उतरवला. पहिली ओळ त्यानं वाचली. मग बुडाशी माती लोटली आणि धुम्मस घेऊन ती ठोकायला लागला. बाकीचे तिघं तंबाखू मळत बसले, तरी हा ठोकतोच आहे.

"बास कर की, म्हाताऱ्या," मुकादम म्हणाला. "न्हाई पडत आता."

"मेलेला मानूस हाय," सूर्यभान म्हणाला. "नीट गाडाया पायजे."

त्यानं पुन्हा धुम्मस उचलली.