आधी चूळ भरा

ग्लासच बोलतोय मी, आणि रागानंच बोलतोय. दारूच्या ग्लासाचं काय ऐकायचं, असं म्हणून तोंड फिरवणार असाल तर खुशाल फिरवा. पण निकाल लागला तो माझ्यातून, तेव्हा साक्षही माझीच.

जन्म फिरोजाबादच्या काचेच्या भट्टीतला. पेंढ्यात गुंडाळून मला अमरावतीला आणलं, परतवाडा रस्त्यावर नितेशभाऊंच्या बिअरच्या छोट्या कारखान्यात. तिथं बिअर बनवायची वर्षाली. शेंदूरजनाघाटची पोरगी, घरचा संत्र्याचा बगीचा. माझं पोट फुगीर, तोंड जरा अरुंद, वास आत टिकतो, म्हणून चाखण्यासाठी तिनं मला निवडलं. धुवायचीही स्वतःच. काठाला तेलाचं बोट लागलं तरी फेस बसतो, म्हणून माझा फडका वेगळा असायचा.

त्या साली तिनं इंग्रजी धाटणीची कडू बिअर केली. हॉप्स नावाच्या वेलीची सुकी फुलं असतात, त्यांनी कडूपणा येतो. थोडी तिनं उकळताना टाकली आणि थोडी राखून ठेवली. बिअर आंबून झाल्यावर ती तशीच कोरडी टाकीत सोडली, भाजी उतरवल्यावर वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर, टाकतात तशी. त्यानं वास येतो. काय वास होता तो! संत्र्याची साल नखानं खरवडावी तसा, खाली भाजलेल्या पोळीच्या कडेची चव, आणि घोट गेल्यावर मागून सावकाश येणारा कडूपणा. वर्षाली मला उजेडाकडे धरायची, हुंगायची, एवढासा घोट जिभेवर फिरवायची आणि मग गप्प बसायची. त्या गप्प बसण्यात मला फार बरं वाटायचं.

पण पसंती द्यायची होती रामरावांनी. हे नितेशभाऊंचे मामा, अकोल्याचे व्यापारी. एकदा टूरवाल्यांबरोबर लंडन पाहून आलेले, म्हणून इंग्रजी बिअरचे पंच. मामा हो म्हणाले तर बिअर कायमची विकायची, नाही तर टाकी त्याच दिवशी रिकामी करायची, असं भाऊंनी ठरवलं होतं.

मामा आले. वर्षाली म्हणाली, "नितेशभाऊ, आधी चाखू द्या, जेवण मंग वाढा."

"पाहुण्याले उपाशीपोटी ग्लास देतेत का वो? लोक काय म्हणतीन?" भाऊ म्हणाले, आणि बेसनाच्या पातोडीचा झणझणीत रस्सा वाढला. वर बोटभर लाल तेलाची तर्री. मामांच्या कपाळावर घाम, नाकातून पाणी, तरी आणखी एक वाटी. तोंड न धुता तसंच मला उचललं. वर्षाली "थांबा" म्हणेपर्यंत माझ्यात बर्फ पडला होता.

माझ्या काठाला तर्री लागली आणि फेस तिथल्या तिथं बसला. मामांनी एका घोटात अर्धी संपवली.

"फेस तं दिसूनच नाही राहिला. गॅस नाही, वास नाही. नुसती कडूझार हाय, पोरी."

वासच नाही म्हणे! रश्शानं बधिर झालेल्या जिभेला आणि वाहत्या नाकाला कुठला वास येणार? नाचता येईना अंगण वाकडं. मला हात असते तर मी तो रस्सा त्यांच्या सदऱ्यावर ओतला असता.

टाकी रिकामी करायला भाऊंनी वर्षालीलाच सांगितलं. तिनं मला घासून धुतलं, स्वतःसाठी एकदा भरलं, टेबलावर ठेवलं आणि जाऊन टाकीचा नळ सोडला. सगळ्या कारखान्यात संत्र्याच्या सालीचा वास पसरला. आठवलं की आजही माझा संताप होतो.

मामा दही खाऊन घटकाभर आडवे झाले. उठले ते तोंड धुऊन आले आणि समोर दिसलो म्हणून मला उचललं. माझ्या काठाशी फेस अजून होता. एक घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला.

"पोरी, हे कोणती वो? हेच कावून नाही देल्ली मले आधी?"

"हेच होती, मामा," वर्षाली म्हणाली. "नालीत गेली."

मामांनी मला खाली ठेवलं. भाऊ घाईनं म्हणाले, "मंग काय झालं, पुन्हा बनव. पुन्हा बोलावू मामाले."

"पुढच्या बारीले आधी काय, जेवण का बिअर?" वर्षालीनं विचारलं.

"आता पाहुण्याले उपाशी कसं ठेवाचं?" भाऊ खरंच गोंधळून म्हणाले.

वर्षालीनं एप्रन काढून खुंटीला लावला आणि ती काम सोडून गेली. पुण्यात कुठं काम करते म्हणतात. इथं आता सरबतासारखी गोड बिअर विकतात आणि मामा ती आवडीनं पितात.

मी काउंटरवर आहे. माझ्यात बडीशेप भरलीय. जेवून उठलेले लोक तेलकट बोटं घालतात आणि मला पुसायचा फडका आता सगळ्यांचाच आहे.

मला पुन्हा बिअर भरा, असं मी म्हणत नाही. एवढंच सांगतो, कुणाच्या हातच्या कामाचा निवाडा करायला बसाल तेव्हा आधी चूळ भरा. नळ एकदा सोडला की चव समजून उपयोग नसतो.