हौद्यातला गोळा

वळू घ्यायचा असला की डेलमार कुंपणाला टेकून दोन मिनिटं बघतो आणि मान हलवतो. झाला व्यवहार. चाळीस वर्षं बघतेय मी. आणि हाच माणूस गाडीला घर जोडायच्या एका हिचपायी तीन आठवडे गेलनच्या दुकानात खेटे घालत होता!

आमचं चाकांवरचं घर अंगणात उभं होतं. त्याची मान पिकअपच्या हौद्यात येते आणि तिथल्या हिचमध्ये अडकते, एवढंच मला कळत होतं. ऑक्टोबर लागला होता. नेब्रास्कात एकदा बर्फ पडायला लागलं की निघणं बोंबललं. मला ओरेगॉनचा समुद्र बघायचा होता. लग्नाच्या वेळी कबूल केला होता त्यानं, आणि दर वर्षी गाई आडव्या आल्या. मार्चमध्ये त्या व्यायला लागल्या की हा तर रात्रंदिवस गोठ्यातच. या उन्हाळ्यात त्या विकल्या, तेव्हा म्हटलं, सुटले बाई एकदाची.

शेवटी मीच त्याच्याबरोबर दुकानात गेले. आज हिच घेतल्याशिवाय हलायचंच नाही, असं बजावूनच. पण तिथे गेल्यावर माझंच डोकं भणभणायला लागलं.

गेलन हा डेलमारचा शाळेपासूनचा दोस्त. बोलायला लागला की थांबत नाही. "हा बघ, हौद्याला भोकं पाडून कायमचा बसतो. मागेपुढे सरकतो. तुमचा हौदा आखूड, वळताना घराचा कोपरा केबिनच्या काचेत घुसेल. याच्यानं ते वाचतं. हा दुसरा सरकत नाही, जपून वळावं लागेल, पण हवा तेव्हा उचलून ठेवता येतो."

"अरे, पण गुरांची गाडी ओढायचा लोखंडी गोळा आहे ना हौद्यात? त्यालाच अडकव की घर," मी म्हटलं.

"अडकवता येतं. पण त्यासाठी घराच्या मानेला हा लांब तुकडा जोडावा लागतो. उद्या घराचा सांगाडा चिरला तर माझ्या नावानं बोंब मारू नकोस."

आधी डेलमार सरकणाऱ्याला हो म्हणाला. मग म्हणाला, भोकं नकोत. मग उचलायचा बघितला, तर म्हणे जड आहे. मग परत तो लांब तुकडाच हातात घेऊन बसला.

"अरे, ठरव की काहीतरी!" मी ओरडले. "तुझं चाललंय काय? मला तर काही म्हणजे काही कळत नाहीये."

"सरकणाराच घे," गेलन म्हणाला. "फक्त हा गोळा आणि त्याची खालची प्लेट काढावी लागेल. गुरं विकलीस ना? मग कशाला हवाय?"

डेलमार दारात उभ्या आमच्या पिकअपच्या हौद्यात वाकला होता. गोळ्यावर हात ठेवून म्हणाला, "राहू दे तो."

"कशाला राहू दे?" मी विचारलं.

"ऑरिनच्या कुरणात चार कालवडी ठेवल्यात."

ऑरिन म्हणजे आमचा शेजारी. दर रविवारी चर्चमध्ये माझ्याशी हात मिळवतो, आणि मेल्यानं तोंडातून चकार शब्द काढला नाही!

"सगळ्या गेल्या म्हणाला होतास मला!"

"गाभण आहेत, आर्लिस. पहिलटकरणी. मार्चमध्ये वितील. ऑरिनला नाही जमायचं ते."

"आणि मग? त्याच्यानंतर काय?"

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "गाई नसल्या तर सकाळी उठून मी काय करायचं, तेच मला कळत नाही."

मला भयंकर राग आला. मग त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला. गेलन उगाच बोल्ट चाळवत बसला.

"तो उचलायचा दे, म्हणजे गोळाही राहील," मी गेलनला सांगितलं. "सोमवारी आम्ही निघतोय."

डेलमारचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे मार्चमध्ये परत येऊ आपण?"

"तू ये. हिच काढ, पिकअप घे आणि जा तुझ्या कालवडींकडे. घर तिथेच राहील समुद्रापाशी, आणि मीही."

"एकटी राहशील?"

"डेलमार," मी म्हटलं, "मार्चमध्ये मी चाळीस वर्षं एकटीच राहतेय."